वरच्या डोहाचं पाणी

पाण्याच्या घागरीत कुणाचं बोट बुडालं की माय ती अख्खी घागर अंगणातल्या दोडक्याच्या वेलाला ओतून द्यायची. मग चिंच आणि राख घेऊन घागर आतून-बाहेरून घासायची, उन्हात पालथी घालायची आणि बोट बुडवणाऱ्याला दुसरी घागर आणायला पिटाळायची. बोट बहुतेक वेळा माझंच असायचं. उन्हाळ्यात पाणी आणायचं म्हणजे नाल्यापर्यंत जाऊन यायचं. पायाखाली तापलेला फुफाटा, डोक्यावर घागर, आणि हे सगळं एका बोटापायी. मी चडफडायची, वाटेत मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोलायची, पण पुढल्या वेळी ओगराळ्याच्या दांड्यालाच हात लागेल याची काळजीही घ्यायची. आज माझ्या स्वयंपाकघरात पाण्याचं फिल्टर भिंतीवर लटकलं आहे आणि तोटी सोडली की पाणी पडतं. तरी भांडं भरताना माझं बोट आपोआप आखडतं.

आमचं गाव जानेफळपासून दोन कोस आत. आम्ही भाजीपाला पिकवणारे माळी. नाल्याच्या पल्याड आमचा मळा होता, त्यात एक विहीर, विहिरीवर मोट. सकाळी जातं थांबलं की मोटेच्या चाकाची कुरकुर सुरू व्हायची. या दोन आवाजांच्या मधे जी शांतता असायची तेवढ्यात माय अख्खं अंगण सारवून मोकळी व्हायची. ओट्याला शेण, भिंतीला पांढरी माती, चुलीला रोज पोतेरं. गावात म्हणायचे, अनसूयाबाईच्या ओट्यावर कण्या सांडल्या तर वेचून खाव्या. जानेफळच्या बाजारात बाबा मेथीच्या जुड्या मांडून बसले की बाया म्हणायच्या, ह्या घरची भाजी धुवायचं काम नाही. बाबा हसायचे आणि एखादी जुडी वर टाकायचे. आमचं घर त्या नावावर चालत होतं असं म्हटलं तर खोटं नाही. जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा, अंबाडीची भाजी, आणि उन्हाळ्यात तांब्याभर ताक. ताट घासून, पुसून, मायला दाखवून मगच वाढून घ्यायचं.

घरातली घाण मायला क्षणभर सोसायची नाही. केर, राख, खरकटं, लहान पोरांची शी, जे काही असेल ते उंबऱ्याबाहेर गेलं की तिच्या लेखी संपलं. पुढं ते कुठं जातं याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं, आणि कुणालाच नव्हतं. गावातल्या बाया पहाटे नाल्याच्या वरच्या अंगाला, येड्या बाभळींच्या आड बसायला जायच्या. त्या जागेला आम्ही गोदरी म्हणायचो. तिथून उतार थेट नाल्यात. आषाढात पहिल्या दोन पुरांत गोदरी धुऊन निघायची आणि बाया म्हणायच्या, बरं झालं, साफ झालं.

नाल्याला फाल्गुनापर्यंत पाणी असायचं. पुढं फक्त वर, खडकाच्या बेचक्यात एक डोह उरायचा आणि त्यातून करंगळीएवढी धार वाळूवरून खाली सरकत यायची. त्या धारेच्या काठाला गावातल्या घरांचे झिरे असत. झिरा म्हणजे वाळूत हातभर खोल केलेला खड्डा. त्यात पाणी झिरपायचं, कमी पडलं की धारेला बोटानं वाट करून आत घ्यायचं, आणि नरोटीनं, म्हणजे नारळाच्या करवंटीनं, हळूहळू घागरीत भरायचं. कुणाचा झिरा कुठं हे पिढ्यांपासून ठरलेलं. सगळ्यात वरचा गिरजाकाकूंचा, कारण त्यांचं घर मानाचं. त्याच्या खाली आमचा. गिरजाकाकूंची पंचफुला माझ्या बरोबरीची. पंची आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या दोन झिऱ्यांच्या काठावर बसून पाणी साचायची वाट पाहायचो. एक नरोटी उपसली की पुढची भरेपर्यंत एक गोष्ट सांगून व्हायची. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात जास्त गप्पा मी त्या वाळूत मारल्या असतील. पंची डाव्या हातानं नरोटी धरायची आणि त्यावरून गिरजाकाकूंचा मार खायची, एवढंही मला आठवतं.

गावात विहीर नव्हती असं नाही. होती, पण उन्हाळ्यात तळाला जायची, आणि मी सांगतेय त्या वर्षी तर तिच्यात पावडर पडली होती. तालुक्याहून सायकलवर एक आरोग्य खात्याचे गृहस्थ यायचे, वानखडे नावाचे. खाकी पिशवीत पांढरी पावडर, एका डब्यात सुया. गाव त्यांना पावडरबाबू म्हणायचं. ते विहिरीत पावडर टाकायचे आणि दोन दिवस पाण्याला असा वास यायचा की चहासुद्धा प्यायला नको वाटायचा. बायांनी विहीर सोडली आणि सरसकट झिऱ्याचं पाणी धरलं. झिऱ्याचं पाणी उकळून प्या, असं त्यांनी चावडीवर सांगितलं तेव्हा बायांनी पदर तोंडाला लावला. भाकरी भाजायला काड्या मिळत नव्हत्या तिथं पाणी कुठून उकळणार? सुई टोचून घ्यायलाही कुणी पुढं होईना. दंड सुजला की दोन दिवस निंदण बुडतं.

त्यांनी शाळेच्या मागं एक चर खणून, वर फळ्या टाकून, कुडाचा आडोसा करून दाखवला होता. घरोघरी असं करा म्हणाले. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी हे मायलाही समजावलं. माय चौकटीआड उभी राहून ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती आतूनच म्हणाली, "जिथं चूल हाय त्याच घरात बसाचं? मांजर तरी बाहीर जाते, बाबू." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. वानखडेही हसले. पुढं कित्येक दिवस गावात तो विनोद फिरत होता, आणि तो चर शेवटी शाळेच्या पोरांनी गोट्या खेळायला वापरला. मी आजही गावी जाते. आता घरोघरी सरकारी संडास उभे आहेत आणि निम्म्यांत सरपणाच्या पऱ्हाट्या भरून ठेवलेल्या आहेत. मला हसू येत नाही.

त्या उन्हाळ्यात, आखजीच्या म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी, किसनमामा आला. हा मायचा एकुलता एक भाऊ, तिच्याहून दहा वर्षांनी धाकटा, तिनंच कडेवर खेळवलेला. कुठल्याशा गावचं लग्न आटोपून तो पायी आला होता. आल्या आल्या ओट्यावर आडवा झाला आणि म्हणाला, पोटात गलबलतंय. दुपारपर्यंत त्याला एवढे ढाळ आणि ओकाऱ्या झाल्या की उभा माणूस खोल गेला. डोळे आत, आवाज बसलेला, पायांना गोळे. ढाळ कसले, तांदळाचं धुवण. बाबांनी एकदा पाहिलं आणि ओळखलं. त्या रोगाचं नाव आमच्याकडे तोंडानं घेत नसत. मरीमाय आली, एवढंच म्हणत.

बाबा हळूच म्हणाले, "गावाले सांगा लागते व."

माय मामाचे पाय चोळत होती. तिनं मान वर केली नाही. "सांगा," ती म्हणाली. "अन् उद्यापासून मेथी कोनाले विकता, थे बी सांगा."

मागं एकदा गावात एका घरी हा रोग निघाला होता, तर त्या घराशी महिनोन् महिने कुणी विस्तवाची देवघेव केली नव्हती. त्यांच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी ओट्यावरून खाट आत घेतली आणि दार ओढून घेतलं.

मायनं भावाला कसं वाचवलं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या रोगात पाणी बंद करायचं अशी गावाची रीत. पाणी पोटात गेलं की माणूस ओकतो, म्हणून ओठसुद्धा ओले करायचे नाहीत. पहिल्या प्रहरात मायनंही पाणी तोडलं होतं. पण मामा पाण्यासाठी लहान पोरासारखा रडायला लागला आणि तिच्यानं ते पाहवेना. तिनं ज्वारीच्या पिठाची पातळ पेज केली, त्यात मिठाचा खडा आणि थोडा गूळ टाकला, आणि कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजायला बसली. तो ओकायचा. ती पुसायची, थांबायची, पुन्हा पाजायची. एक रात्र, एक दिवस, पुन्हा एक रात्र. तिसऱ्या सकाळी मामानं कूस बदलली आणि भाकरीचा वास आला म्हणाला. माय चुलीपुढं बसून पहिल्यांदा रडली. तिच्या शहाणपणानं किंवा मायेनं, काय म्हणायचं ते म्हणा, माझा मामा पुढं म्हातारा होऊन मेला.

पण त्या दोन दिवसांत घरातल्या सगळ्या वाकळा, धोतरं, मायची दोन जुनी लुगडी, सगळं भरलं होतं. माय असली घाण घरात ठेवणारी नव्हती. आणि धुणार कुठं? गावाचं धुणं झिऱ्यांच्या खाली, मोठ्या धोंड्यांवर चालायचं. तिथं वाकळ उलगडली असती तर पहिल्याच बाईला सगळं कळलं असतं. मळ्यातल्या विहिरीवर धुणं मायला मंजूर नव्हतं, त्या पाण्यावर भाजी होती. म्हणून भर दुपारी, माणसं घरात आणि गुरं सावलीला असतात त्या वेळी, माय आणि मी दोन गाठोडी घेऊन गोदरीच्या वाटेनं वर गेलो. वरच्या डोहावर. दोन दिवस, दोन दुपारी.

माय आपटायची आणि मी पिळायची. उन्हानं खडक असा तापला होता की वाकळ पसरली की वाफ निघायची. पाणी गढूळ झालं, मग हळूहळू निवळलं. करंगळीएवढी धार खडकाच्या कडेनं वाळूत उतरत होती. ती मला दिसत होती. ती कुठं जाते हे मला माहीत होतं, कारण मी रोज तिच्याच काठावर बसायची. मी तेरा वर्षांची होते, दुधखुळी नव्हते. मायला विचारलं मात्र नाही. वाकळा स्वच्छ झाल्या, एवढंच मला वाटलं. बरं वाटलं.

पहिल्याच दुपारी घरी येताना माय म्हणाली, "चार दिवस झिऱ्याचं पानी नोको आनू. लांब पडलं तरी मळ्यातल्या विहिरीचं आन."

"काऊन?"

"त्या पान्यात इटाळ गेला."

ह्या एका वाक्याशी मी जन्मभर झगडले आहे. तिला जंतू वगैरे ठाऊक नव्हतं. पण घाण धुतलेलं पाणी चार दिवस वर्ज्य, हा तिच्या आईनं तिला शिकवलेला नियम होता, आणि तो तिनं आपल्या घरापुरता पाळला. गावानं तो पाळायचा तर गावाला सांगावं लागलं असतं. तिनं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, आणि मला तर अजाणपणाची सबबही सांगायची सोय नाही, कारण नियम ऐकून पंचीला भेटणारी मी होते.

दुसऱ्याच संध्याकाळी मळ्यातून घागर घेऊन येताना पंची वाटेत भेटली. तिनं विचारलं, "काऊन व वच्छे, झिऱ्यावर नाही येऊन राह्यली?"

मी म्हटलं, मायनं मळ्यात कामाला लावलंय, तिकडूनच पाणी आणते.

"बरं," ती म्हणाली. "तुहा झिरा मी उपसून ठेवतो. नाही त गाळ साचते."

तिनं तो खरंच उपसून ठेवला. दोन दिवस माझ्या वाटचं कामही तिनं केलं, मी येईन तेव्हा पाणी निवळ असावं म्हणून. मी तिला नको म्हणू शकले असते. नुसतं एवढं म्हटलं असतं, की पंचे, ते पाणी पिऊ नको, कारण विचारू नको, तर तिनं विचारलं नसतं. आमच्यात तेवढं होतं. मी घागर सावरली आणि घरी आले.

पंची पडली ती सकाळी भाकरी थापता थापता. दुपारपर्यंत गिरजाकाकूंच्या अंगणात बाया जमल्या. आमच्या घरी ही बातमी आली तेव्हा माय तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मग उठली, चूल पेटवली आणि पेज करायला ठेवली. मीठ टाकलं, गूळ टाकला, घोटून घोटून पातळ केली. पितळेच्या गडव्यात ओतून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, जा, घोट घोट पाजा म्हणून सांग. मी उंबरा ओलांडत होते तेव्हा तिनं मागून माझा दंड धरला. "किसन्याचं नाव नोको काढू," ती म्हणाली. दंड तिनं इतका घट्ट धरला होता की बोटं उमटली.

गिरजाकाकूंच्या घरात पंची खाटेवर होती. तिचं नाक टोकदार झालं होतं. मला पाहून ती म्हणाली, "वच्छे, पानी पाज व." गिरजाकाकूंनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तोंड फिरवलं. मी गडवा पुढं केला, मायचा निरोप सांगितला. काकू म्हणाल्या, पाण्याची बंदी आहे, सकाळपासून काही दिलेलं नाही. म्हाताऱ्या बायांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी विष आणलं होतं. पण काकूंना पोरीचं ते पाणी पाणी करणं सोसवत नव्हतं. त्यांना कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. त्या मला दाराशी घेऊन आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कोनाले गुन आला व पोरी यानं? आला असन त सांग. मी आत्ता पाजतो."

मी त्यांच्याकडं पाहिलं. आत पंची पुन्हा म्हणाली, पानी. माझ्या जिभेवर मामाचं नाव होतं. आमच्याच घरात, चार भिंतींपलीकडं, मामा त्या वेळी भिंतीला टेकून भाकर कुस्करून खात होता. त्याला येऊन काकूंनी नुसतं पाहिलं असतं तरी पुरे होतं. मला बाबांच्या मेथीच्या जुड्या दिसल्या, ते मोडलेलं लग्न आठवलं, दंडावरची मायची बोटं आठवली.

"नाही," मी म्हटलं. "कोनाले नाही. मायनं देल्ली म्हनून आनली."

काकूंनी गडवा तसाच माझ्या हातात परत दिला. दिवस मावळायच्या आत पंची गेली. ती गेल्यावर बायांनी तिच्या तोंडात पाणी घातलं. ते पाणी झिऱ्याचंच होतं.

पेज मी वाटेत ओतून दिली आणि गडवा घासून घरी नेला. मायनं गडवा रिकामा पाहिला आणि तिला वाटलं पाजली. तिला खरं काय ते मी सांगितलं तेव्हा तिनं मला मारलं नाही, जवळही घेतलं नाही. ती अंगणात गेली आणि सारवलेलं अंगण पुन्हा सारवायला लागली.

पुढच्या आठ-दहा दिवसांत झिऱ्यांच्या रांगेनं रोग घराघरांत उतरला. वरून खाली, ज्या क्रमानं झिरे होते जवळजवळ त्याच क्रमानं, फक्त आमचं घर सोडून. कुणाच्या हे ध्यानात आलं नाही, किंवा आलं तर लोक म्हणाले, अनसूयाबाईकडं स्वच्छता आहे, तिथं मरीमाय पाय ठेवत नाही. दोष लागला तो पावडरबाबूंना. त्यांनी विहिरीत दवा टाकली आणि गावाला बाधली, असं ठरलं. मग गावानं मरीमायचा गाडा केला. लाकडाचा हातभर गाडा, त्यात कणकेची बाहुली, हिरव्या बांगड्या, लिंबं, कडुलिंबाचा पाला. बाहुलीला गुंडाळायला मायनं आपलं न नेसलेलं लुगडं काढून दिलं, पेटीतलं सगळ्यात चांगलं. सगळं गाव तो गाडा ओढत शिवेपर्यंत गेलं आणि शिवेपलीकडं, पुढच्या गावाच्या रानात, तोंड तिकडं करून सोडून आलं. पुढचं गाव तो आणखी पुढं ढकलणार, ही रीतच होती. आपल्या हद्दीबाहेर गेलं की संपलं. मीही त्या गर्दीत होते आणि मला आमच्या उंबऱ्याची आठवण आली. पुढच्या गावात त्या महिन्यात काय झालं हे आम्ही कधी विचारलं नाही.

गाडा गेल्यानंतर वानखडे आले. बिचाऱ्यांना कुणी बसायलाही सांगेना. पण ते घरोघरी फिरले आणि एकच गोष्ट विचारत राहिले, सगळ्यांत आधी कोण आजारी पडलं? पंचीच्या आधी कोणी? बाहेरगावाहून कोणी आलं होतं का? आमच्या ओट्यावर ते आले तेव्हा मायनं त्यांना लख्ख पेल्यात पाणी दिलं. मामा तोवर आपल्या गावी गेला होता. त्यांनी तोच प्रश्न विचारला. माय चौकटीआडून म्हणाली, "आमच्या घरी कोनी नाही." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, पाणी प्यायले, पेल्याकडं पाहिलं, ओट्याकडं पाहिलं, भिंतींकडं पाहिलं. मग बाहेर उभ्या असलेल्या लोकांना म्हणाले, "गावातलं हरेक घर या बाईसारखं झालं, त मले इथं याचं कामच नाही." त्यांच्या आवाजात थकवा होता, आणि थट्टा तर मुळीच नव्हती. मी भिंतीला पाठ लावून ऐकत होते. त्या माणसाला जे उत्तर हवं होतं ते त्याच्यापासून चार हातांवर होतं आणि तो वही मिटून सायकलवर बसला. पुढल्या वर्षी त्यांच्याच शिफारशीनं तालुक्याहून आमच्या घराला स्वच्छ घर म्हणून एक चौकटीतला कागद मिळाला. बाबांनी तो भिंतीवर लावला. माय तो रोज पुसायची आणि एक दिवस तिनं तो धान्याच्या कणगीमागं नेऊन ठेवला.

गिरजाकाकू मात्र माझ्यावर माया करायला लागल्या. त्यांना दुसरी मुलगी नव्हती. दर आखजीला त्या मला जेवायला बोलवायच्या, पंचीच्या पाटावर बसवायच्या. माझ्या लग्नात त्यांनी मला एक लुगडं नेसवलं, पंचीसाठी घेऊन ठेवलं होतं म्हणाल्या. "शेवटच्या टायमाले तूच तिच्यासाठी पेज घेऊन आलती," असं त्या चारचौघींत सांगायच्या. मी खाली मान घालायची आणि लोकांना वाटायचं पोरगी भावूक आहे. त्या जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या हयातीत मी तोंड उघडलं नाही, आणि आता हे लिहिलं आहे ते वाचायला त्या घरचं कुणी उरलेलं नाही. तेव्हा ह्या कबुलीचीही किंमत काय ते मला कळतं.

मायचं शेवटचं वर्ष माझ्याकडं गेलं, ह्या तालुक्याच्या गावातल्या घरात. ती अंथरुणाला खिळली होती आणि तिचं सगळं अंथरुणातच व्हायचं. जिनं आयुष्यभर एक डाग सोसला नाही तिच्यावर ही वेळ यावी, याला काय म्हणावं? मी चादरी काढायची, न्हाणीत बसून धुवायची. दार उघडं ठेवायची, तिला मी दिसावी म्हणून. एका दुपारी मी अशीच चादर आपटत होते. माय खाटेवरून पाहत होती.

"हे पानी कुठं जाते व?" तिनं विचारलं.

"नालीत, माय."

"अन् नाली कुठं जाते?"

"नाल्यात."

मग तिनं मान माझ्याकडं वळवली आणि विचारलं, "अन् खालतं कोन राह्यते?"

आमच्या घरामागची नाली उघडी आहे. ती वळसा घेऊन वीटभट्ट्यांपाशी ओढ्याला मिळते. तिथं भट्टीवरच्या माणसांची पालं आहेत आणि त्यांच्या पोरी ओढ्याच्या वाळूत खड्डे करून पाणी भरतात. गच्चीवरून मला त्या रोज दिसतात.

"कोनी नाही, माय," मी म्हटलं, आणि चादरीवर दुसरी बादली ओतली.